इंजनाचं कपाळ

शालिकरामच्या घरी इंजन आलं त्या दिवशी सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंतचे कावळे जे उडाले ते तीन दिवस खाली बसलेच नाही. लोधीखेड्याच्या बाजारात टोपल्यात झाकलेल्या कोंबड्यायनं भेवानं एकसाथ अंडी घातली. विहिरीतले बेंडकं काठावर येऊन रांगेनं बसले, का बा आपलं पाणी उचलून कोण चाललं ते तं पाहू. यातलं अर्धं तरी खरं आहे. उरलेलं अर्धं शालिकरामच्या मायनं, अंबाबाईनं, आपल्या डोळ्यानं पाहिलेलं आहे.

इंजन होतं एवढंसं, बसलेल्या कालवडीएवढं. अंगावर कंगव्याच्या दातावानी लोखंडी पाती, बाजूले धुराचं नळकांडं, आणि सगळ्यात वर टाकी. टाकीत दोन खण. लहान्या खणात पेट्रोल, मोठ्यात राकेल. चाकाले दोरी गुंडाळून झटका दिला की ते पेट्रोलवर खोकत खोकत उठे, आणि अंग तापलं की चावी फिरवून राकेलवर घ्यायचं, मंग दिवसभर पाहू नका. बिजलीचे खांब तवा गावापर्यंत आले होते, वावरापर्यंत नव्हते आले.

पहिल्या दिवशी पायपातून पाणी आलं तवा शालिकरामची बायको शकुंतला पायपाच्या तोंडाशी उभी होती. आधी पायपातून नुसती हवा आली, मंग एक ढेकर, आणि मंग मांडीएवढ्या जाडीचं पाणी तिच्या पायावर आदळलं. बारा हात खालचं पाणी. हे पाणी तिनं पाच उन्हाळे डोक्यावरच्या पितळी गुंडानं उपसलं होतं, एका झाडाले एक गुंड, दोनशे झाडाले दोनशे गुंड. संत्र्याच्या रोपायले आपल्या मानेवरून मोठं केलं होतं तिनं. आता तेच पाणी आपल्या पायानं चढून आलं होतं. तिनं त्यात हात धरला तं पाण्यानं हात फेकून दिला. संध्याकाळी इंजन थंडं झाल्यावर ती जवळ जाऊन बसली आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, का या एवढ्याशा पेटीत आग कुठं बसते, आन ते जळत कसं नाही.

शालिकराम सौंसरच्या जिनिंगमध्ये कामाले होता. सकाळच्या बसनं जाये, दिवेलागणीच्या आधी परत येये. इंजनाचं आणि त्याचं पहिल्याच दिवशी बिनसलं होतं. दोरीनं उलटा झटका देऊन त्याच्या मनगटावर असा फटका हाणला होता का त्याले गुरुजीची छडी आठवली. त्या दिवसापासून तो इंजनाची लांबूनच विचारपूस करे. म्हणून इंजन शकुंतलेच्या हाती आलं.

सौंसरच्या बसस्टँडजवळचा मनोहर मिस्त्री इंजन बसवून द्यायले आला होता. त्यानं तिले एका दिवसात सगळं दाखवलं. म्हणे, वहिनी, हे जनावर आहे, याले दाणापाणी टायमावर द्या, दहा वर्षं बोलनार नाही. शकुंतलेनं ते मनावर घेतलं. अमावसेले बैल जुपत नाहीत, तं मंग इंजनही जुपायचं नाही. अमावसेच्या सकाळी ती खालचं नट उघडून काळं तेल परातीत काढे आणि नवं भरे. हवेची जाळी राकेलात धुवून सावलीत वाळवे. प्लग काढून तारेच्या ब्रशानं घासे, आणि त्याच्या तोंडातली फट दोन पोस्टकार्ड घालून मापे. पोस्टकार्डं तिच्या भावाची होती, नागपूरहून आलेली. मनोहरनं सांगितलं होतं एक माप, ते तिनं भावाच्या खुशालीनं धरलं. पात्यायच्या मधातला कचरा निंबाच्या काडीनं एकेक फट करून काढे. टाकीखालच्या काचेच्या वाटीत राकेलाखाली पाण्याचा मणी जमलेला दिसला की तो बोटावर घेऊन उन्हात पाहे, का हा कुठून आला असन. गावातल्या बाया हसत. शकुंतला इंजनाच्या उवा पाहून राहिली, म्हणत.

सगळं धुणंपुसणं झालं की अंबाबाई येये. तिच्या हातात शेंदराची वाटी.

इंजनाले शेंदूर लावायचा हे अंबाबाईनं दसऱ्यालेच ठरवलं होतं. जे बारा हातावरून पाणी उचलते ते मारोतीच्याच गोत्रातलं, असं तिचं म्हणणं. प्रश्न एवढाच होता का लावायचा कुठं. मारोतीले कपाळ असते, बैलाले कपाळ असते, इंजनाचं कपाळ कोणतं? अंबाबाई दोनदा त्याच्याभोवती फिरली आणि निकाल देऊन टाकला. सगळ्यात वर जे असते ते कपाळ. सगळ्यात वर होतं राकेलाच्या टाकीचं झाकण. तवापासून दर अमावसेले झाकणावर तेलात कालवलेल्या शेंदराचा एक थर चढे. जुना पुसायचा नाही, देवाचा शेंदूर कोणी पुसते काय.

आता झाडाची गोष्ट. झाडं सहा वर्षांची झाली होती. त्या साली पहिला आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरची फुलं, धरायचा होता. संत्र्याचं असं आहे का त्याले फुलवायचं असन तं आधी तहानेनं मारा लागते. मार्गशीर्षापासून पाणी तोडलं. पानं कानावानी वळली, गळाली. शकुंतला सकाळी बगिच्यात जाये आणि झाडाकडे न पाहता परत येये. पौषात तिनं पहिलं पाणी सोडलं. मातीनं ते असं पिलं का पिण्याचा आवाज ऐकू आला. पंधरा दिवसात काड्याकाड्यावर कळी, मोहरीएवढी, मंग ज्वारीएवढी. दोनशे झाडावर किती कळ्या असतील हे मोजायले अंबाबाई बसली होती. पहिल्याच झाडाच्या एका फांदीवर तिचे आकडे संपले.

पौषातली अमावस आली. कळी पाहून अंबाबाईचं मन भरून आलं होतं, तिनं शेंदूर बोटानं नाही, तळव्यानं लावला.

दोन दिवसांनी दुसऱ्या पाण्याचा दिवस. माघ लागते न लागते तं चैतासारखं ऊन पडून राहिलं होतं. शकुंतलेनं दोरी ओढली, इंजन उठलं, राकेलवर घेतलं, पाणी सुरू झालं. अंबाबाई बांधावर पानाचा विडा लावून बसली. विडा चघळून होते न होते तं इंजन दोनदा अडखळलं आणि बंद.

शकुंतलेनं प्लग काढला. कोरडा, साफ. जाळी पाहिली, साफ. वाटीत पाणी नाही. शेवटी झाकण उघडून टाकीत काडी घालून पाहिली, राकेल अर्ध्याच्या वर. झाकण लावलं, दोरी ओढली, पहिल्या झटक्यात इंजन चालू. एक विड्याभर चाललं आणि पुन्हा बंद. दिवसभरात सात वेळा. पहिल्या ओळीतली नऊ झाडं भिजली.

दुसऱ्या दिवशी मनोहर मिस्त्री सायकलवर आला. त्यानं आधी चपला काढून इंजनाच्या शेंदराले हात लावला, मंग तो हात आपल्या कपाळाले. मोठा श्रद्धेचा माणूस. राकेलात भेसळ असन म्हणून झाकणाले कडेकडेनं दोन बोटानं धरून, शेंदूर मोडू न देता उघडलं, वास घेतला, थेंब बोटावर घासून पाहिला, तसंच अलगद बंद केलं. दोरी ओढली. इंजन असं चाललं का जसं काही झालंच नव्हतं. मनोहरनं चहा पिला आणि गेला. त्याची सायकल आमराईच्या वळणाले लागली असन नसन, इंजन बंद. गावच्या एका पोराले पाठवून त्याले वापस बोलावलं, त्यानं पुन्हा सगळं उघडून पाहिलं, पुन्हा चालू, तो गेला, पुन्हा बंद. तिसऱ्या दिवशीही तेच. मनोहर जाता जाता म्हणे, वीस वर्षांत असं पाहिलं नाही, हे माझ्या समोर चालते आन पाठीमांगं मरते.

तिसऱ्या ओळीखाली कळी पडून राहिली होती. हिरवी, टाचणीच्या डोक्याएवढी कळी, चालताना पायाखाली चुरचुर वाजे. शेजारच्या हजार झाडायचे मालक यशवंतराव बांधावर येऊन पाहून गेले. आपलं इंजन ते आठ दिवसांशिवाय देऊ शकत नव्हते, आणि झाडं तेवढी थांबू शकत नव्हती. पण एक वाक्य मात्र फुकट देऊन गेले.

"सूनबाई, माणसाचं पोट दर महिन्याले फाडून धुतलं तं माणूस तरी जगन काय?"

गावात तेच सुरू झालं. बाईनं उघडून उघडून इंजन बिघडवलं. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे जामसांवलीच्या मारोतीले नारळ कबूल करा. शालिकराम भांडकुदळ माणूस नव्हता. त्यानं संध्याकाळी येऊन शकुंतलेची नट खोलायच्या पान्यायची थैली उचलली, खुंटीवर उंच टांगली आणि म्हणे, आता तू हात नको लावू, उद्या रविवारी मी मिस्त्रीले धरून बसवतो. शकुंतलेच्या डोळ्यासमोर मोजणी चालू होती. नऊ झाडं, अकरा झाडं, मंग सात. दोनशेपैकी सत्तावीस.

रविवारी शालिकराम मनोहरले आणायले गेला. शकुंतला विहिरीवर आली. थैली तिनं आणली नव्हती, हात नको लावू म्हटलं होतं तं नाही लावत. पण दोरी काही थैलीत नव्हती. तिनं दोरी ओढली. इंजन चाललं, विड्याभरानं बंद झालं.

या वेळी ती उठलीच नाही. इतके दिवस बंद झालं की ती प्लगावर तुटून पडे. आता थैलीच नव्हती तं काय करते. ती इंजनापाशी मांडी घालून बसली. कानात इंजनाचा आवाज घुमून राहिला होता, तो हळूहळू उतरला. मंग निंबावरच्या होल्याचं घुमणं ऐकू आलं. मंग विहिरीत पडणारा एकेक थेंब. मंग सगळं चूप. तवा तिनं सवयीनं राकेल पाहायले झाकण फिरवलं.

सुस्सऽ.

एवढंच. कोणी कितीतरी वेळचा दम धरून ठेवला असन आणि आता छातीत ओढला असन, तसं. तिनं झाकण लावलं, दोरी ओढली, विड्याभर वाट पाहिली. बंद झाल्यावर कानातला आवाज उतरू दिला आणि कान टाकीशी नेऊन झाकण सैल केलं. सुस्सऽ. आत जाऊन राहिली होती हवा. हे श्वास घेते. तिनं त्याची जाळी धुतली होती, त्याचं काळं रक्त बदललं होतं, त्याच्या फटी मोजल्या होत्या, आणि ते श्वास घेते हे तिले आज समजलं होतं.

आणि एकदम तिले घरचा तेलाचा डबा आठवला. नव्या डब्याले एकच भोक पाडलं तं तेल गुटुक गुटुक करून अडते. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. मंग या टाकीचं दुसरं भोक कुठं?

तिनं झाकण हातात घेतलं. खालच्या बाजूनं, बरोब्बर मधात, सुईच्या नेढ्याएवढा एक काळा ठिपका. उलटून पाहिलं. वरून शेंदूर, जुन्या पैशाएवढा जाड, दगडावानी.

तिनं नख टेकवलं तेवढ्यात तिचा हात अंबाबाईनं धरला. केव्हा येऊन मांगं उभी राहिली होती कोण जाणे.

"देवाचा शेंदूर खरवडून राहिली तू?"

"आत्याबाई, याले दम लागून राहिला."

"इंजनाले?"

"हो. राकेल खाली उतरते तं त्याच्या जागी हवा पाहिजे. इथून घेते ते हवा. आपण उघडून पाहिलं का दम घेते, झाकलं का घुसमटते. मनोहरभाऊनं उघडलं तवा चाललं, म्या उघडलं तवा चाललं. हात कोणाचा होता त्याचं काही नाई."

अंबाबाईनं झाकण घेतलं, खालून पाहिलं, वरून पाहिलं. मंग ती बांधावर बसली. तिसऱ्या ओळीत कळी पडून राहिली होती तिकडे ती पाहत होती.

"म्हणजे म्या त्याचं नाक बुजवलं," ती म्हणाली.

"तुम्ही कपाळ समजून लावलं."

"कपाळ आन नाक एकाच जागी ठेवते, कोण कारागीर व्हय तो." मंग हात पुढं करून म्हणाली, "दे इकडं. म्या लावला, म्याच काढतो. तुह्या हाती पाप नको."

तिच्या कंबरेले चांदीच्या साखळीत कानकोरणं लटकत असे. त्याच्या टोकानं तिनं शेंदूर उकरला. खपली निघाली, थर निघाला, दसऱ्याचा, दिवाळीच्या अमावसेचा, सगळे एकावर एक. शेवटच्या खपलीखाली बारीक भोक, बोटाच्या टिळ्यायतून उघडं राहिलेलं, तळव्यानं बुजलेलं. अंबाबाईनं त्यात फुंकर मारली आणि दुसऱ्या बाजूनं हवा बोटाले लागली, तशी ती झाकण घेऊन तशीच उभी राहिली. एवढंसं भोक. मुंगीही वाकून जाईन. आणि त्याच्या जोरावर बारा हाताची विहीर वर येते. तिनं निघालेला शेंदूर पदराच्या टोकाले बांधला आणि सुनेले म्हणाली, ओढ दोरी.

पहिला विडा झाला. इंजन चालून राहिलं होतं. अंबाबाईनं दुसरा लावला, डोळे इंजनावर, चुना बोटाले लागला. दुसरा झाला. तिसऱ्याले तिनं पान काढलं आणि हातातच ठेवलं. पाटानं पाणी चौथ्या ओळीत शिरलं, पाचव्या ओळीत शिरलं. शकुंतला फावडं घेऊन पाण्याच्या पुढं पुढं धावत होती, एका आळ्याचं तोंड फोड, दुसऱ्याचं बांध. पाणी आळ्यात फिरून खोडाले लागे तवा ती क्षणभर थांबे.

शालिकराम आणि मनोहर आले तवा इंजनाचा आवाज त्यायले रस्त्यावरूनच ऐकू आला होता, आणि त्याच आवाजानं यशवंतराव चारपाच माणसं घेऊन बांधावर येऊन उभे होते. मनोहरनं झाकण पाहिलं, शेंदूर नाही हे पाहिलं, भोक पाहिलं. त्याचा चेहरा पडला. वीस वर्षांचा मिस्त्री, ते भोक तिथं असते हे त्याले ठाऊक होतं. हात जोडले म्हणून पाहिलं नाही. तो हळूच म्हणाला का दुकानात असंच एक इंजन महिन्यापासून पडलं आहे, आन त्याच्याही डोक्यावर शेंदूर आहे.

यशवंतरावांनी विचारलं का काय बिघडलं होतं. शकुंतला फावड्याचा चिखल पुसत राहिली. सासूचं नाव चारचौघात कशी घेईन. अंबाबाई मात्र पदर कंबरेले खोचून पुढं आली.

"बिघडलं काही नव्हतं. म्या चार दिवस त्याचं नाक दाबून धरलं होतं. तरी ते बिचारं विडाभर चाले. तुम्ही दाबा तुमचं नाक, यशवंतराव, आन विडाभर नांगर चालवून दाखवा. मंग म्हणा सुनेच्या हाताले दोष."

लोक हसले. यशवंतरावांचा हात खरंच नाकाकडे गेला होता, तो त्यायनं मिशीवर फिरवला. गावात मंग ही गोष्ट वाढत गेली. कोणी म्हणे अंबाबाईनं कानकोरणं लावलं तसं इंजन शिंकलं आणि समोरच्या निंबाची पानं झडली. कोणी सांगितलं हे, ते सांगायची गरज नाही.

शालिकराम घरी गेला, खुंटीवरची थैली काढून आणली आणि इंजनाजवळ ठेवून दिली.

दोनशे झाडायले तीन दिवस लागले. इंजन सकाळी उठे, दुपारी थंडं व्हायले थांबे, पुन्हा उठे. खालच्या फांद्यायवरची कळी गेली ती गेलीच, पण वरची धरली. दुसऱ्या दिवशी वास सुरू झाला. आधी पुसटसा, जवळ गेलं तं. मंग बांधावर. तिसऱ्या दिवशी सौंसरची बस रस्त्यावरून जाताना खिडकीतले लोक तोंड बाहेर काढून पाहत होते.

तिसऱ्या दिवशी दिवस कलता कलता शेवटच्या झाडाचं आळं भरलं. शकुंतला चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली. तिनं इंजनाची चावी बंद केली. चाक दोनदा फिरलं आणि थांबलं.

आवाज थांबला नाही.

तिनं चावी पाहिली. बंद. चाकाले हात लावला, उभं. पात्यायची आच लागत होती पण अंगात काही हलत नव्हतं. आवाज मात्र तसाच, एकसारखा, जाड, विहिरीच्या भिंतीतून येऊन राहिला होता, मातीतून येऊन राहिला होता. ती वळून पाहते तं दोनशेच्या दोनशे झाडं पांढरी झाली होती, आणि त्या पांढऱ्यावर सोनेरी धूर. मधमाशा. किती, ते विचारू नका. सातपुड्यातलं एकही मोहोळ त्या दिवशी घरी नव्हतं. एकेक झाड आपल्या जागी चालू होतं, कोणी दोरी न ओढता.

तेवढ्यात बसमधून उतरून शालिकराम वावराच्या वाटेनं लगबगीनं आला. लांबूनच म्हणे, का व, पाणी तं झालं दिसते, इंजन कायले चालू ठेवून राहिली, राकेल काय रस्त्यावर पडलं आहे.

"बंद आहे," शकुंतला म्हणाली. "आइका."

तो इंजनाजवळ गेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं त्याले हात लावला. मंग हात तसाच ठेवून त्यानं मान वर केली. झाडाकडे पाहत तो बराच वेळ उभा होता. चिखल होता म्हणून का कशानं, त्यानं बांधावरच चपला काढल्या आणि अनवाणी झाडायत शिरला.